शालिनीमातेची पोथी

ज्या कादंबरीचा जाणकार म्हणून चंद्रपुरात मला चार लोक ओळखतात, ती कादंबरी मी वाचलेली नव्हती.

अगदीच वाचली नव्हती असं नाही. सहाशेपैकी सत्तेचाळीस पानं वाचली होती. सत्तेचाळिसाव्या पानावर नायिका, म्हणजे शालिनी, खिडकीत येऊन बसते आणि विचार करायला लागते. मी तिला तिथंच बसवून ठेवलं ते अठ्ठावीस वर्षं! (बिचारीनं तक्रार केली नाही. तिचा स्वभावच सोशीक आहे, हे पुढं कळलं.)

यात माझी चूक फारशी नाही. मुलगी पाहायला गेलो तेव्हा हे जाडजूड पुस्तक माझ्या हातात होतं. बसच्या खिडकीतून तोंडावर ऊन येतं म्हणून खोलीतल्या मित्राचं उचलून आणलं होतं. मुलगी, म्हणजे सुनंदा, बी.ए. मराठी. तिनं चहाचा ट्रे ठेवला, पुस्तकाकडं पाहिलं आणि विचारलं, "शेवट कसा वाटला?"

मला घाम फुटला. पण तोंडातून निघून गेलं, "शेवट सांगायचा नसतो, भोगायचा असतो."

लग्न ठरलं! नंतर कळलं की तिला ओलिताची शेती असलेलं एक स्थळ आलं होतं. ते तिनं नाकारलं आणि "वाचणारा माणूस" निवडला. आज अठ्ठावीस वर्षांनी घरात माझी परिस्थिती अशी आहे की मी आणलेली वांगी किडकी निघतात, मी दुरुस्त केलेला नळ आधीपेक्षा जास्त गळतो आणि मी लावलेला कूलर शेजाऱ्यांना गार हवा देतो. पण पाहुणे आले की सुनंदा माझ्याकडं बोट दाखवून म्हणते, "बाकी काई नसन, पण यायचं वाचन दांडगं आहे." घरात माझी जी काही इज्जत आहे, ती एवढ्या एका वाक्यापुरती आहे. ते वाक्य गेलं तर माझ्याजवळ गळका नळ तेवढा उरतो.

या वाक्याच्या जोरावरच मी आमच्या 'रसिक कट्ट्या'चा अध्यक्ष झालो. कट्ट्यात आम्ही चौघं. मराठीचे प्राध्यापक गावतुरे सर, चित्रकला शिकवणाऱ्या मंदाताई, घड्याळांचं दुकान असलेले आणि शास्त्रीय गाण्याचे दर्दी हकीमभाई, आणि मी. एके दिवशी मंदाताईंनी ग्रुपवर एक जाहिरात टाकली. थंड हवेच्या ठिकाणी चार दिवस राहायचं, सकाळी महान साहित्यावर चर्चा, दुपारी महान चित्रं, संध्याकाळी महान संगीत. सुट्टीची सुट्टी आणि ज्ञानाचं ज्ञान!

"आपणही करू," गावतुरे सर म्हणाले. "कादंबरी अध्यक्षांची ठरलेलीच आहे. त्या कादंबरीवर त्यांच्याइतका अधिकार कुणाचा?"

मी नम्रपणे मान खाली घातली. भीतीनं मान खाली घातली तरी ती नम्रच दिसते, ही एक सोय आहे.

जागेचा प्रश्न सुनंदानं सोडवला. "माझ्या भावाकडे चला. गोंडपिपरीच्या पुढं आमचं गाव. बोडीच्या काठावर घर आहे, आंब्याची सावली आहे, रोज ताजी मासोळी आहे." बोडी म्हणजे आमच्याकडचा छोटा तलाव. मासोळीचं नाव निघताच गावतुरे सरांनी तारीखही ठरवून टाकली.

माझा बेत साधा होता. मी पाच मिनिटं प्रास्ताविक करणार, मग "आता सर बोलतील" म्हणून गावतुरे सरांच्या गळ्यात घालणार, आणि ते जे बोलतील त्यावरून कादंबरीत काय आहे ते मलाही कळणार. मी मेहुण्याला, म्हणजे दिवाकरभाऊंना, फोन केला. इथंच घात झाला. मी 'कादंबरी' म्हणायला हवं होतं. पण सासुरवाडीला फोन लावला की माणसाला उगाच मोठं बोलावंसं वाटतं.

"दिवाकरभाऊ, आम्ही चार दिवस एका ग्रंथाचं वाचन करणार आहोत."

"ग्रंथ? तुमच्या घरचा?" पलीकडचा आवाज एकदम बदलला.

"म्हणजे वाचनालयाचा आहे, पण माझाच म्हणा. सहाशे पानांचा आहे."

"सहाशे! अरे बापा! आन् आमच्या घरी?" दिवाकरभाऊ म्हणाले. "जवाईबापू, तुमी काईच चिंता करू नका. मी सारा बंदोबस्त करतो."

सारा बंदोबस्त त्यांनी केला! एप्रिलच्या उन्हात आमची जीप गावात शिरली तेव्हा अंगणात मांडव होता. मांडवाला केळीचे खांब. मध्ये चौरंग, चौरंगाभोवती रांगोळी. बाजूला टाळ-मृदंग घेऊन भजनी मंडळ, समोर अर्धं गाव. मी जीपमधून उतरलो तर पाच बायांनी मला ओवाळलं. माझ्या काखेतलं पुस्तक दिवाकरभाऊंनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, लाल कापडावर ठेवलं, आणि मुखपृष्ठावर जी उदास बाई काढलेली आहे तिच्या कपाळावर ठसठशीत हळद-कुंकू लावलं. आत वाचनालयाचा शिक्का होता, 'पुस्तक स्वच्छ ठेवावे.' त्यावर अक्षता पडल्या.

"हे काय आहे?" गावतुरे सर माझ्या कानात म्हणाले.

"पोथी लावली ना जी तुमी!" त्यांच्या मागून एक म्हातारी म्हणाली. "आमच्या गावात बारा सालांत कोणी पोथी लावली नवती. जवायानं लावली!" ही कोंडाबाई. नात्यानं सुनंदाची काकी, आणि वजनानं अख्ख्या गावाची. पोथी कशी चालवायची याचे सारे नियम तिच्या तोंडात होते आणि तोंडात नियमांशिवाय तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, तो तिनं पोथीसाठी तिथल्या तिथं थुंकून टाकला.

नियम असे होते. एक, ज्यानं पोथी लावली त्यानंच वाचायची. (मी!) दोन, सुरू केली की पुरी करायची, मधे सोडली तर पाप. तीन, मधे कुणी बोलायचं नाही, म्हणजे चर्चा बंद. चार, सूर्य मावळला की पोथी कापडात बांधून देवघरात, सकाळपर्यंत कुणी उघडायची नाही. पाच, पोथी सुरू आहे तोवर गावात मासोळी शिजणार नाही आणि बोडीत जाळं पडणार नाही.

पाचवा नियम ऐकून गावतुरे सर मांडवाच्या खांबाला टेकले.

"अहो, हा गैरसमज आहे. ही कादंबरी आहे," मी सुनंदाला बाजूला घेऊन म्हणालो. "तू सांग ना त्यांना."

"आता सांगू? भाऊनं मांडव टाकला, साऱ्या गावात सांगून आला," ती म्हणाली. "आन् तुमाले काय जड आहे? तुमाले तं पुस्तक पाठ आहे!"

मी चौरंगासमोर जाऊन बसलो.

बाकीच्यांनाही कामं मिळाली. मंदाताई चित्र काढतात हे कळताच रोजच्या रांगोळीचं खातं त्यांच्याकडं गेलं. त्यांनी महान चित्रकारांची छापील चित्रं आणली होती, ती वाऱ्यानं उडू नये म्हणून रांगोळीच्या डब्याखाली राहिली. हकीमभाईंनी स्पीकर आणि चार दिवस पुरतील एवढे राग आणले होते. त्यांना भजनी मंडळानं पेटीवर बसवलं. "भाई, यहाँ का ठेका एकदम सच्चा है," म्हणाले आणि चार दिवस तिथून उठले नाहीत. आमच्यात सुखी असा तो एकच माणूस. आणि गावतुरे सरांना हुंकाराचं काम मिळालं. मी एक वाक्य वाचलं की त्यांनी मोठ्यानं "हो महाराज!" म्हणायचं. ज्या माणसानं बावीस वर्षं कॉलेजात ही कादंबरी शिकवली, तो वांग्याच्या भाजीवर दिवस काढत दर वाक्याला मला "हो महाराज" म्हणत होता, आणि दर वेळी माझ्याकडं खुनशी नजरेनं पाहत होता.

पहिल्या दिवशी दुपारी सत्तेचाळिसावं पान आलं. शालिनी खिडकीत बसली. माझी ओळखीची जमीन इथं संपली. पुढं काय आहे ते मांडवातल्या कोणाइतकंच मलाही माहीत नव्हतं, पण मी एकटाच जाणकाराचं तोंड करून बसलो होतो!

शालिनी खिडकीत बसून चाळीस पानं विचार करते. चाळीस पानं! उन्हानं मांडव तापलेला, घाम पुस्तकावर टपकतोय, आणि ही बाई खिडकी सोडायला तयार नाही.

"काऊन बसून राह्यली ते?" मागून एक जण कुजबुजला. "घरात काम नाई का तिले?"

"चूप रे!" कोंडाबाईनं स्वतःचाच नियम मोडला. "नवरा बोलत नाई तिच्याशी. वकील आहे ना, सारं बोलणं कोर्टातच सरून जाते. मंग ते मनातलं कोणाले सांगन?"

गावतुरे सरांनी खिशातून पेन काढून हे वाक्य तळहातावर लिहून घेतलं. (पुढं कट्ट्यात त्यांनी ते 'वैवाहिक संवादशून्यता' या नावानं मांडलं.)

दर प्रकरणाच्या शेवटी कुणाचा तरी जयजयकार करावा लागतो. कुणाचा करायचा हा प्रश्न दिवाकरभाऊंनीच सोडवला. "बोला शालिनीमाता की..." आणि अर्धं गाव गरजलं, "जय!"

दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाचं पूर्ण गाव झालं. बाया भाकऱ्या आटपून लवकर येऊ लागल्या. वकिलाचं नाव आलं की मागून शिव्या येत. आणि माझं काय झालं ते सांगतो. मला ती कादंबरी आवडायला लागली. चहाला उठलो तरी शालिनीचं काय होईल हेच डोक्यात. पुढचं पान चोरून पाहावं म्हणून संध्याकाळी देवघराकडं गेलो, तर दारात कोंडाबाई.

"कुठी चालले, जवाई?"

"नमस्कार करायला."

"इथूनच करा."

मी तिथूनच केला. अठ्ठावीस वर्षं पुस्तक वाचनालयात होतं तेव्हा उघडलं नाही, आणि आता उघडायचं होतं तर पहारा बसला होता.

तिसऱ्या दिवशी पाचशेव्या पानाजवळ वकिलाचे काका वारले. मी सहज वाचून गेलो. मग एक म्हातारा उठला, टोपी काढली आणि बोडीकडं चालू लागला. त्याच्या मागं दुसरा. मग सगळेच पुरुष.

"कुठं चालले हे?" मी विचारलं.

"आंघोळीले," दिवाकरभाऊ म्हणाले. "मयत झाली ना जी! तुमीही चला."

मी, गावतुरे सर आणि हकीमभाई, तिघांनी भर दुपारी बोडीत बुचकळ्या मारल्या. परत आलो तर कोंडाबाई निर्णय देऊन मोकळी झाली होती. काका दूरचा, आंघोळीवर भागलं. "पण शालिनी तं आता घरची झाली. तीन रोजापासून लेकीसारखी समोर आहे. तिले काई झालं तं दहा रोज सुतक धरा लागन साऱ्या गावाले."

हे ऐकलं आणि दिवाकरभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी मला बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेलं. पाणी पार खाली गेलं होतं. कडेचा चिखल भेगाळला होता आणि मधल्या पाण्यात मासोळ्या तोंड वर काढत होत्या.

"पाहा जवाईबापू. याच हप्त्यात जाळं टाकाचं होतं. पोथी लागली म्हणून चार रोज थांबलो, त्याचं काई नाई. पण सुतकात आणखी दहा रोज थांबलो तं सारी मासोळी पाण्यातच मरन. वीस घरं आहेत या बोडीवर." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुमाले तं माहीत आहे ना. शालिनीबाईचं पुढं काई वाईट तं नाई?"

मला काय ठाऊक! पण "माहीत नाही" म्हणावं तर सुनंदापर्यंत जायला वेळ लागणार नाही. मी घसा खाकरून म्हणालो, "भाऊ, शेवट सांगायचा नसतो. भोगायचा असतो."

"भोगाचा?" दिवाकरभाऊ मटकन पाळीवर बसले.

मी तडक गावतुरे सरांना गाठलं. "सर, शेवटाबद्दल तुमचं मत काय?"

"छे छे! शेवट तुमच्याच तोंडून ऐकणार."

मंदाताईंकडं गेलो. "ताई, शेवट..."

"आठवण नका काढू हो," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "रडू येतं मला."

रडू येतं म्हणजे मेली! त्या दिवशी माझ्या पानात वाढलेली भाजी तशीच राहिली.

चौथा दिवस. शेवटची वीस पानं. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. सुनंदाही स्वयंपाकघरातून येऊन पदर खोचून समोर बसली. मी वाचू लागलो. वकील बाहेरगावी गेला. शालिनीनं घर झाडलं, दिवा लावला, बांगड्या काढून ठेवल्या. पहाटे ती एकटीच तळ्याकडं निघाली.

"नको जाऊ वो माय," कोंडाबाई पुटपुटली.

तिला कोणी चूप केलं नाही. पाणी शालिनीच्या घोट्याला लागलं. मग गुडघ्याला. मी पान उलटलं. शेवटचं पान होतं. डोळे आपोआप खाली धावले आणि मला दिसलं, चार ओळींत ती बुडाली होती. पाचव्या ओळीत पाणी पुन्हा शांत झालं होतं.

मी वाचायचा थांबलो. खरंच सांगतो, पहिल्यांदा मला बोडी आठवली नाही, सुतक आठवलं नाही. सहाशे पानं मी त्या बाईसोबत चाललो होतो, आणि मला वाईट वाटलं.

"काऊन थांबले, जवाई?" कोंडाबाईनं विचारलं. "मेली का?"

सारं गाव माझ्या तोंडाकडं पाहत होतं. दिवाकरभाऊ हात जोडून उभे होते. मी पुस्तकात तोंड घातलं आणि वाचू लागलो, म्हणजे वाचल्यासारखं बोलू लागलो.

"पाणी कमरेला लागलं, आणि तेवढ्यात पाळीवरून हाक आली. 'पोरी, पाणी गहिरं आहे! मांगं फिर!' शालिनीनं वळून पाहिलं. पाळीवर एक म्हातारी उभी होती..."

"हो महाराज!" गावतुरे सर.

"म्हातारी पाण्यात उतरली. तिनं शालिनीचा हात धरला. म्हणाली, 'तुह्या मनातलं मले सांग.' आणि शालिनी पाळीवर बसून सारं बोलली. उजाडेपर्यंत बोलली. मग घरी गेली, आणि वकील परत आला तेव्हा त्याला म्हणाली, 'आज चहा तुम्ही करा.' ग्रंथ समाप्त!"

मांडव दणाणला! नारळ फुटला, भजन्यांनी टाळ बडवले, हकीमभाईंनी पेटीचा भाता तुटेस्तोवर ओढला. आणि त्या गोंधळात कोंडाबाई माझ्याजवळ आली.

"ते म्हातारी कोण जी? नाव काय तिचं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कोंडाबाई."

"खरंच? पुस्तकात लिवलं आहे?"

"लिहिलं आहे."

तिनं पुस्तक घेतलं, शेवटच्या पानावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही. डोळे भरून आले होते. मग तिनं पुस्तक लाल कापडात गुंडाळलं आणि छातीशी धरलं. "ज्या पोथीत माह्यं नाव आहे ते पोथी आता माह्या देवघरात राहीन." परत मागायची कुणाची छाती नव्हती. वाचनालयाला आता मी तोंड दाखवत नाही.

मी घाबरत घाबरत कट्ट्याकडं वळलो. आता ही मंडळी विचारणार, हा शेवट कुठला?

"अप्रतिम!" गावतुरे सर माझा हात हातात घेऊन म्हणाले. "कोंडाबाई हे पात्र म्हणजे कादंबरीचा कणा आहे. बावीस वर्षं मी मुलांना हेच सांगतोय!"

"मी तिसऱ्यांदा वाचताना याच चहाच्या वाक्याला रडले होते," मंदाताई म्हणाल्या.

मी थक्क! या लोकांना मी इतकी वर्षं भीत होतो? यांच्यासमोर पकडलं जाऊ नये म्हणून मी रात्रीचा दिवस करून मोघम बोलायला शिकलो होतो? एकटे हकीमभाई टॉवेलनं मान पुसत म्हणाले, "भाई, मैं तो पहली बार सुना. अच्छी स्टोरी है."

दुपारी बोडीत जाळं पडलं. वीसही घरांत चुली पेटल्या. गावतुरे सरांनी किती मासोळी खाल्ली ते मी सांगत नाही, कारण परतीच्या जीपमध्ये त्यांना समोरची जागा द्यावी लागली. मी मागं सुनंदाजवळ बसलो. हलका झालो होतो. अठ्ठावीस वर्षांचं ओझं उतरलं होतं. आता कोणीही, कुठलंही पान विचारावं!

सुनंदा गोंडपिपरी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. मग हळूच म्हणाली, "शालिनी मरते."

"अं?"

"शेवटी बुडून मरते. कॉलेजात वाचलं होतं मी. दोनदा. म्हणूनच तं त्या दिवशी इचारलं होतं तुमाले." ती माझ्याकडं वळली. "तुमी ते पुस्तक कधी वाचलंच नाई, अं?"

"वाचलं! अगं, चार दिवस वाचलं! अक्षरन् अक्षर वाचलं, तुझ्यासमोर!"

"मंग कोंडाकाकी कोणत्या पानावर आहे?"

"ते मी बोडीसाठी... मासोळ्या... सुतक... मी शेवट बदलवला!"

"वाचणारा माणूस शेवट बदलवत नाई," ती म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली.

हे होऊन आता दोन महिने झाले. अलीकडं पाहुणे आले की सुनंदा म्हणते, "बाकी काई नसन, पण यायचा आवाज खणखणीत आहे." माझ्या माहितीप्रमाणे ती कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली चंद्रपुरात दोनच माणसं आहेत. एक माझी बायको. आणि दुसऱ्यानं ती कधी वाचलीच नाही, याबद्दल तिची पक्की खात्री आहे.